किनाऱ्यावरून मोठी मासेमारी : अंतराचे ऋण

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या पाद्रे बेटाचा जो सुमारे ११० किलोमीटरांचा किनारा १९६२ साली राष्ट्रीय संरक्षणाखाली आला, तेथे वाळूवर उभे राहून गरवणाऱ्या माणसाच्या गळाला बुल शार्क, कानमुशी (हातोडीसारख्या डोक्याचा शार्क) आणि टार्पन यांसारखे प्रचंड मासे लागतात, याचे श्रेय त्याच्या बाहुबलाइतकेच कयाक नावाच्या अरुंद, वल्ह्याने चालणाऱ्या नावेला द्यावे लागते.

या किनाऱ्याला समांतर असे वाळूचे साधारणतः तीन बुडीत बांध असून त्यांच्यामधील खोलगट चरांतून बोय नावाच्या लहान माशांचे कळप फिरतात आणि त्यांच्या मागावर मोठे मासे येतात. काठीने भिरकावलेले आमिष शंभरएक मीटरांपलीकडे क्वचितच जाते. शिवाय जिवंत बोय त्या हिसक्याने गळातून फाटून निघते किंवा पाण्यावर आपटून मरते. ती जिवंत राहणे तर अगत्याचे, कारण तिच्या धडपडीने पाण्यात उठणारी कंपने शिकारी मासा आपल्या पार्श्वरेषेने दुरूनच ओळखतो.

म्हणून एकाने कयाकमधून, ओठांतून गळ ओवलेली बोय घेऊन लाटा फोडीत शेवटच्या बांधापलीकडे जावे, दुसऱ्याने किनाऱ्यावर रिळातून दोर सैल सोडीत राहावे, आणि वाळूत रुतणाऱ्या तारांचे शिसे आमिषासह तेथे सोडून नावेने परत फिरावे, असा या कामाचा शिरस्ता आहे. दोर नावेला कदापि बांधावयाचा नाही, कारण मासा वाटेतच लागला तर तो नावेसकट माणसाला उलथवील. कोकणातील रापणीतही होडी जाळे समुद्रात नेऊन सोडते आणि ओढणारे हात जमिनीवर राहतात. परंतु रापण सर्वांनी मिळून ओढावयाची असते, आणि येथे एका काठीला एकट्या बलाढ्य जीवाशी झुंजावे लागते.

या झुंजीतच अंतराचे ऋण फेडावे लागते. आमिष जितके दूर, तितका मासा किनाऱ्याशी येईपर्यंत अधिक थकतो. कानमुशीसारखा मासा तर सोडून दिल्यावरही त्या श्रमाने दगावू शकतो. टेक्सासच्या कायद्याने शार्कसाठी वर्तुळाकार गळ सक्तीचा केला, तो याच हेतूने : असा गळ बहुधा पोटात न उतरता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे तो काढणे सुकर होते, मात्र गरवणाऱ्याने झटका न देता दोर आपोआप ताणला जाऊ द्यावा लागतो. जो मासा सोडावयाचा, त्याला कोरड्या वाळूवर ओढू नये. कल्ले पाण्यात ठेवूनच गळ काढावा आणि छायाचित्राच्या हौसेसाठी त्याला रोखून धरू नये.

कयाकने दिलेली मुभा मोठी आहे, परंतु ती बिनशर्त नाही. ज्याची काठी, रीळ आणि दोर मोठ्या माशाला त्वरेने किनाऱ्याशी आणण्याइतके बळकट असतील, त्यानेच दूरवर आमिष न्यावे. ज्याच्यापाशी ही तजवीज नसेल, त्याने जवळच्या चरात लहान मासा गरवून समाधान मानावे, हाच या विद्येचा खरा धर्म होय.