घुमटाखालचं दशक

एप्रिल 2025मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमला साठ वर्षं झाली, तीही दारं बंद असताना. 'पाडून टाका, गाड्या लावायला जागा होईल' असं आता चांगली शिकली-सवरलेली माणसंही म्हणू लागली आहेत. ते मला ऐकवत नाही.

सुरुवातीची वर्षं मी पाहिलेली नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. माजी महापौर रॉय हॉफाइन्झ यांच्या जिद्दीतून 9 एप्रिल 1965 रोजी छताखालचं हे वातानुकूलित बेसबॉल मैदान उघडलं. ह्यूस्टनचा घामट उन्हाळा आणि डास, दोन्ही बाहेर राहिले. गवताला ऊन मिळावं म्हणून छताला पारदर्शक तावदानं होती. त्या चकाकीत उंच उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकांना दिसेना. तावदानं रंगवली, तर गवत मेलं. मग 1966मध्ये तिथं कृत्रिम हिरवळ अंथरली, तेच ॲस्ट्रोटर्फ. पुढं भारतीय हॉकीला जड गेलेल्या मैदानांचं मूळ या छताखाली आहे. सत्तरच्या दशकातल्या टेनिसच्या आणि मोटारसायकलींच्या तमाशांबद्दल पुष्कळ छापून आलंय, ते सोडून देते.

माझा ॲस्ट्रोडोम ऐंशीच्या दशकातला. तेलाच्या भरभराटीत बरीच मराठी घरं इथं आली आणि 1986च्या सुमारास भाव कोसळल्यावर नोकऱ्या पटापट गेल्या. आमच्या घरातलीही गेली. वरच्या मजल्यावरचं तिकीट तेवढं परवडायचं. क्रिकेटवर वाढलेल्या आम्हाला ॲस्ट्रोज या इथल्या बेसबॉल संघाचा गोलंदाज नोलन रायन याचा वेग कुणी समजावून द्यावा लागला नाही. 1981च्या सप्टेंबरात डॉजर्सना एकही हिट न देता त्यानं इथंच पाचवा नो-हिटर पुरा केला. तोवर एवढे कुणालाच जमले नव्हते. ॲस्ट्रोजच्या फलंदाजानं होम रन मारला की 474 फूट लांबीच्या धावफलकावर बैल उसळायचे, काउबॉय गोळ्या झाडायचे, दिव्यांचं दारूकाम सुटायचं. मुलं ते पाहायलाच यायची, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

15 ऑक्टोबर 1986ची दुपार मात्र अजून सलते. न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना. पहिल्याच डावात तीन धावा करून आपण आठ डाव पुढं होतो. नवव्यात त्यांनी बरोबरी साधली. चौदाव्यात ते पुढं गेले, तर बिली हॅचरनं होम रन मारून पुन्हा बरोबरी केली. सोळाव्यात त्यांच्या तीन धावा, आपल्या दोन. दोन जण बेसवर असताना केव्हिन बास बाद झाला आणि 7-6 असा सगळा खेळ संपला. हा सामना काढला असता तर दुसऱ्या दिवशी आपला माइक स्कॉट गोलंदाजी करणार होता, आणि त्यानं याच मालिकेत मेट्सना दोनदा हरवलं होतं. आम्ही जिंकलो असतो, हे मी आजही ठासून सांगेन.

तो धावफलक कुणी घालवला, हेही सांगायला हवं. फुटबॉलच्या ऑइलर्स संघाचे मालक बड ॲडम्स यांनी 1987मध्ये संघ जॅक्सनव्हिलला हलवण्याची धमकी दिली. हॅरिस काउंटी झुकली. सुमारे 6 कोटी 70 लाख डॉलर खर्चून दहा हजार खुर्च्या वाढवल्या आणि त्यांच्यासाठी धावफलक उतरवला. इतकं मिळवूनही 1996च्या हंगामानंतर ॲडम्स संघ घेऊन टेनेसीला गेले. मैदानाचा आत्मा देऊन विकत घेतलेल्या त्या खुर्च्या मागं राहिल्या.

1999नंतर ॲस्ट्रोजही शहराच्या मध्यभागी नव्या मैदानात गेले. तरी 2005मध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लीन्स बुडालं, तेव्हा बसगाड्या भरून माणसं इथंच आणली गेली. खेळाच्या मैदानावर हजारो खाटा लागल्या. आम्ही कपडे, औषधं घेऊन गेलो. या वास्तूचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

त्यानंतर नुसते आराखडे झाले. 2013मध्ये 21 कोटी 70 लाखांचे कर्जरोखे मतदारांनी नाकारले. 2017मध्ये राज्यानं वास्तूला वारशाचं संरक्षण दिलं. 2018मध्ये काउंटीनं साडेदहा कोटींची योजना मंजूर केली: जमीन दोन मजले उचलायची, खाली गाड्या, वर मेळाव्यांसाठी मोकळी जागा. ती अडली ती अडलीच. एका मालकाच्या धमकीसरशी कोट्यवधी उभे करणाऱ्या काउंटीनं आता 'पैसे कुठून आणायचे' म्हणावं, हे मला मान्य नाही. त्या मंजूर योजनेचं काय झालं, ते आधी लोकांपुढं मांडा. पाडण्याची भाषा नंतर.