स्क्रिप्ट लिहिणे हे प्रोग्रॅमिंग नव्हे काय?

श्रोतेहो, नांगर धरतो तो शेतकरी आणि खुरपे धरतो तो शेतकरी नव्हे, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण संगणकाच्या जगात असा वाद खरोखरच चालतो. सी भाषेत लिहितो तो खरा प्रोग्रॅमर. १९९१ सालची पायथन किंवा १९९५ सालची जावास्क्रिप्ट वापरणे म्हणजे नुसती ‘स्क्रिप्ट’ लिहिणे, ते काही खरे प्रोग्रॅमिंग नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

हा भेद आला कुठून? संगणकाला मुळात आकड्यांतल्या सूचनाच कळतात. आपण लिहिलेले त्याला भाषांतर करून द्यावे लागते. सी भाषेतला सगळा मजकूर आधी भाषांतरित होतो, मग चालतो. स्क्रिप्टच्या बाबतीत जणू दुभाष्या शेजारी बसून, काम चालू असतानाच अर्थ सांगत जातो. भेद काय तो एवढाच, आणि तोही आता पुसट झाला आहे. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तर चालता चालताच यंत्रभाषेत उतरते.

वादही तसा जुनाच. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रॅन भाषा आणली. तेव्हा हाताने यंत्रसूचना लिहिणाऱ्यांना शंका होती, की यंत्राने केलेले भाषांतर आपल्या तोडीचे उतरेल काय? पण ते उतरले.

आता गुरुजींचेच उदाहरण घ्या. साठ मुलांच्या गुणांची सरासरी काढणारी दहा ओळींची स्क्रिप्ट त्यांनी लिहिली. एक मूल आजारी होते, त्याची जागा कोरी. कोरी जागा म्हणजे शून्य, की गैरहजर? शून्य धरले तर वर्गाची सरासरी खाली येते, आणि आजारी पोर नापास ठरते! हा विचार कोणतीही भाषा आपल्यासाठी करीत नाही. कामाच्या पायऱ्या लावणे, अडचण आधी ओळखणे, आलेले उत्तर हाताने ताडून पाहणे, प्रोग्रॅमिंग म्हणतात ते यालाच.

हां, वेग फार लागत असेल किंवा यंत्रातली जागा अगदी थोडी असेल, तर सीसारखी भाषा घ्यावी. पण ती अवजाराची निवड झाली, प्रतिष्ठेची नव्हे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एखादी मुलगी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून आणील, तेव्हा “हे काही खरे नव्हे” असे म्हणून तिचा हिरमोड करू नका. एवढेच विचारा, “बाळ, एखादी जागा कोरी असली तर काय होईल गं?”