जुना संगणक भंगारात देण्याआधी

"सर, आमचा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचा का?" गेल्या दिवाळीनंतर देवरी तालुक्यातील आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले. तिच्या वडिलांनी आदल्या वर्षीच्या धानाच्या पैशातून चार जीबी मेमरीचा जुना संगणक घेतला होता. त्यावर विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढेना. नवा संगणक घेणे त्या घराला शक्य नव्हते.

मी म्हणालो, "यंत्र चांगले आहे, फक्त आतली प्रणाली बदलू."

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाला कामाला लावणारी मूळ प्रणाली. जिची आतली रचना कुणालाही पाहता, सुधारता आणि दुसऱ्याला देता येते, ती मुक्त प्रणाली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आज तिचे अनेक प्रकार मोफत मिळतात. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे.

इतक्यातून निवडायचे कसे? मी तीन प्रश्न विचारतो. यंत्राची मेमरी किती? घरात त्यावर कोणते काम होणार? आणि अडले तर मदत कोण करणार?

त्या घरासाठी मी 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. तिला किमान दोन जीबी मेमरी लागते, चार जीबी असेल तर बरे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असल्याने विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि लिखाणासाठी लिबरऑफिस सोबतच येतात. मिंट ही उबुंटूवर आधारलेली असल्याने उबुंटूसाठी सांगितलेले बरेचसे उपाय तिलाही चालतात. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता येतो.

आता माझी एक चूक सांगतो. याआधी एका घरी घाईघाईत मी 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय दाबला. मुलाच्या जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत गेली. मूळ कागद पेटीत होता म्हणून निभावले. पण आजीचा एकमेव फोटो त्याच संगणकात होता, तो परत मिळाला नाही. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे:

१. दाखले, गुणपत्रिका, फोटो आधी वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि ते उघडतात का हे दुसऱ्या संगणकावर पाहा.

२. अधिकृत संकेतस्थळावरून मिंट घेऊन दुसऱ्या, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो.

३. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. काहीही न पुसता मिंट चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. पेनड्राइव्हवरून ती थोडी संथ चालते, त्याने घाबरू नका.

४. दोन दिवस वापरून घरच्यांना पटले, तरच इन्स्टॉल करा.

काही मर्यादाही आहेत. केवळ विंडोजसाठी बनलेले प्रोग्राम येथे सहसा सरळ चालत नाहीत. वर्गात मायक्रोसॉफ्ट ऑफिसच शिकवत असतील, तर घरच्या लिबरऑफिसमध्ये मेनू वेगळे दिसतील. श्रीलिपीत टाइप केलेले जुने कागद त्यांच्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. अशी कामे रोजची असतील, तर घाई करू नये.

त्या मुलीने दोन दिवस वापरून पाहिले, मग आम्ही मिंट बसवली. वडिलांचा मोबाइल केबलने जोडून तिला इंटरनेट मिळते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज तिने यंदा घरी बसून भरला, आणि आता धाकट्या भावाला मराठी टायपिंग शिकवते आहे.

तुमच्याही घरी असा संगणक असेल, तर रविवारी दोन पेनड्राइव्ह घेऊन अभ्यासिकेत या. जुना संगणक देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांना एकच विनंती: आपली माहिती काढून घ्या, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत द्यायला विसरू नका.