विश्लेषण : नदी न अडवता डोंगरावर वीज साठवता येईल? ऑस्ट्रेलियातील संशोधकाचा नकाशा काय सांगतो?

दुपारी बारा वाजता सौर प्रकल्पांतून वीज मुबलक मिळते. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात, तेव्हा मात्र त्यातले एकही युनिट हाताशी नसते. दुपारची वीज रात्रीपर्यंत ठेवायची कुठे? ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील प्राध्यापक अँड्र्यू ब्लेकर्स यांचे उत्तर तसे जुनेच आहे : पाणी वर चढवा, हवे तेव्हा खाली सोडा. मात्र त्यासाठी मोठी नदी अडवावी लागत नाही, हे त्यांनी नकाशावर दाखवून दिले.

सौर पॅनेलपासून तलावांपर्यंत

ब्लेकर्स मूळचे सौरघटांचे संशोधक. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटात असताना त्यांनी सहकाऱ्यांसह ‘पर्क’ हा सौरघट विकसित केला. त्यावरील शोधनिबंध १९८९चा. कारखान्यांत हे तंत्र रुळायला दोन दशकांहून अधिक काळ गेला, पण नंतर जगभरातील बहुतांश पॅनेल त्यावरच बनू लागली. या कामासाठी ब्लेकर्स, ग्रीन, आयहुआ वांग आणि जियानहुआ झाओ यांना २०२३चे ‘क्वीन एलिझाबेथ प्राइझ फॉर इंजिनीअरिंग’ मिळाले. दरम्यान, पॅनेल स्वस्त झाली आणि साठवणुकीचा प्रश्न पुढे आला.

उदंचन प्रकल्प चालतो कसा?

एक तलाव डोंगरावर, दुसरा पायथ्याशी, मध्ये बोगदा. दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री तेच टर्बाइनमधून खाली सोडायचे. चढवायला १०० युनिट लागली तर परत साधारण ८० मिळतात. म्हणजे हा कारखाना वीज बनवत नाही, उलट थोडी खातो. तरीही तो परवडतो, कारण दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटची किंमत सारखी नसते.

सगळे गणित उंचीचे आहे. एक अब्ज लिटर पाणी ४०० मीटरवरून सोडले तर साधारण १० लाख युनिट वीज मिळते. उंची ८०० मीटर असेल तर तेवढ्याच पाण्यात २० लाख. त्यामुळे नदीच्या खोऱ्यात अजस्र धरण बांधण्यापेक्षा उंच कड्याच्या वर-खाली दोन लहान तलाव बांधणे फायद्याचे ठरते. तेच पाणी फिरत राहते. एकदा तलाव भरला की बाष्पीभवनाने आणि गळतीने घटलेले तेवढे भरून काढायचे.

अशा जागा किती, हे ब्लेकर्स, मॅथ्यू स्टॉक्स आणि बिन लू यांनी अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या माहितीवर संगणक चालवून शोधले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे २२ हजार जागा निघाल्या, तर २०१९च्या जागतिक नकाशात तब्बल ६ लाख १६ हजार. संरक्षित क्षेत्रे आणि शहरे त्यातून वगळली होती.

महाराष्ट्राचा संबंध काय?

सह्याद्रीचा कडा या गणितासाठीच घडवल्यासारखा आहे. अकोले तालुक्यातील घाटघरचे पाणी चारशे मीटरहून अधिक खाली, शहापूर तालुक्याच्या बाजूला सोडून २००८ पासून वीज बनते. प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॅट. राज्याने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि त्यानंतर खासगी कंपन्यांशी सामंजस्य करारही झाले.

नकाशात न दिसणारे

जागेखालचा खडक, जमिनीची मालकी, तिथले पर्यावरण यांपैकी काहीही तपासलेले नाही, असे नकाशा करणारेच स्पष्ट सांगतात. खडकाची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. तिथला ‘स्नोई २.०’ प्रकल्प या नकाशातून निघालेला नाही. तो आधीचेच दोन जलाशय जोडतो. २०१७ मध्ये त्याचा खर्च सुमारे २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितला गेला. पुढे बोगदा खोदणारे यंत्र भुसभुशीत जमिनीत अडकले आणि २०२३ मध्ये सुधारित आकडा १२ अब्जांवर गेला.

सह्याद्रीत खडकाइतकाच प्रश्न माथ्याचा आहे. कड्यावरचा सडा संगणकाला सपाट, मोकळा आणि तलावासाठी नामी दिसतो. गावासाठी ते गुरे चारायचे रान असते, आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या काही वनस्पती पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाहीत.