घराभोवतीच्या घरट्यांची ओळख

वैशाखात कौले चाळण्याचे अथवा गोठ्याच्या डागडुजीचे काम निघाले, की वाशांच्या सांदींतून आणि भिंतींच्या भोकांतून गवतापिसांचे पुंजके खाली येऊ लागतात. पुष्कळदा त्यांत अंडी वा पिले असतात आणि केराबरोबर तीही उकिरड्यावर जातात. वस्तुतः हेच दिवस अनेक पक्ष्यांच्या विणीचे असतात, व ज्यांची घरटी अशी मोडली जातात त्यांपैकी बरेच पक्षी शेतीस उपयोगी पडणारे असतात. म्हणून घरट्यास हात लावण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे ओळखता येणे प्रत्येक शेतकऱ्यास हितावह आहे.

ओळखीच्या खुणा

घरट्याची जागा, त्यास वापरलेले साहित्य, अंड्यांचा रंग आणि तेथे ये-जा करणारा पक्षी या चार खुणा ध्यानात ठेवाव्यात. त्यांपैकी शेवटची खूण सर्वांत खात्रीची होय. थोड्या अंतरावर स्वस्थ बसून राहिल्यास पक्षी आपण होऊन घरट्याकडे येतो व चोचीत काय आणतो तेही दिसते.

भिंती व छप्पर

आढ्याच्या पोकळीत किंवा तसबिरीमागे गवत, चिंध्या व पिसे यांचा अस्ताव्यस्त गठ्ठा असेल, तर ते घरटे चिमणीचे. नराचे डोके राखी व गळा काळा असतो. मादी फिकट तपकिरी असते. चिमणी कणसातील दाणे टिपते हे खरे. परंतु पिलांना ती मुख्यतः अळ्या व किडे भरविते. भिंतीच्या मोठ्या भोकात कागद, काटक्या, क्वचित सापाची कात आणि निळी अंडी आढळल्यास ते घर साळुंकीचे. तिची चोच, पाय व डोळ्यामागची उघडी कातडी पिवळी असते. नांगरामागून चालत उघड्या पडलेल्या किड्या टिपणारी ती हीच.

मोरीखाली वा विहिरीच्या कठड्याखाली चिखलाच्या गोळ्यांची अर्धी वाटी चिकटविलेली दिसली, तर ती भिंगरीची. तेच काम पिसे व काड्या लाळेने चिकटवून, एकाला लागून एक अशा घरट्यांनी केलेले असेल, तर ती वस्ती पाकोळ्यांची. भिंगरी तारेवर बसते, पाकोळीस तसे बसता येत नाही. दोघीही उडता उडता कीटक पकडून उपजीविका करतात.

परसबाग व विहीर

कुंपणात काड्यांची नीट विणलेली वाटी व गुलाबी छटेवर तांबूस ठिपक्यांची अंडी ही बुलबुलाची खूण. खालून आरपार दिसावे इतक्या विरळ काटक्यांवर दोन पांढरी अंडी असल्यास ती होल्याची. लिंबाची वा वांग्याची पाने कापसाच्या धाग्याने शिवून केलेला द्रोण शिंप्याचा. कोळिष्टके, सालींचे तुकडे व कचरा लावून फांदीस टांगलेली लांबट थैली शिंजिराची. ती वाळलेल्या कचऱ्यासारखी दिसत असल्याने झाडलोटीत सहज मोडली जाते.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीस लोंबणारी, लांब नळीची घरटी सुगरणीची. त्यांतील काही अर्धवट असतात, ती मोडलेली समजू नयेत. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे केलेल्या निरीक्षणांतून यामागचे कारण स्पष्ट झाले. नर घरटे अर्धे विणतो. मादीने पसंत केल्यावरच ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे आरंभितो.

कावळ्याच्या घरट्यात कावळ्याच्या अंड्यांपेक्षा लहान असे वेगळे अंडे दिसल्यास ते कोकिळेचे असते. कोकिळा स्वतः घरटे बांधीत नाही.

गव्हाणी घुबड

पडक्या वाड्यात वा धान्याच्या कोठारात राहणाऱ्या या पक्ष्यास अशुभ मानून मारले जाते. यासारखे नुकसान शेतकरी स्वतःच्या हाताने क्वचितच करून घेत असेल. पानाच्या आकाराचा पांढरा चेहरा, पोटाकडे पांढरा व पाठीवर सोनेरी-करडा रंग आणि रात्रीचा कर्कश चीत्कार ही त्याची ओळख. हा पक्षी घरटे असे बांधीत नाही. पोकळ जागी पांढरी अंडी घालतो. पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवू लागते, म्हणून पिले लहानमोठी असतात.

त्याच्या बैठकीखाली केस व हाडे यांच्या काळपट गोळ्या पडलेल्या आढळतात. न पचलेला भाग तो अशा गोळ्यांच्या रूपाने तोंडावाटे टाकतो. एखादी गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलावी व नंतर हात स्वच्छ धुवावेत. आतील उंदरांच्या कवट्या मोजल्या, की हा पक्षी शुभ की अशुभ याचा निर्णय ज्याचा त्यास करता येईल. पाठीवर पांढरे ठिपके असलेला लहान पिंगळाही किडे व उंदीर खाणारा आहे. जेथे घुबड राहते तेथे उंदरांसाठी विष घालणे टाळावे. काही विषांनी मेलेले उंदीर खाऊन घुबडही दगावते.

काय करावे

डागडुजीचे काम शक्यतो विणीपूर्वी, म्हणजे माघापर्यंत उरकावे. घरट्यात अंडी आढळल्यास तेवढा भाग शेवटी हाती घ्यावा. चिमणीची अंडी उबून पिले उडण्यास सुमारे महिना लागतो. गव्हाणी घुबडास तीन महिने. खाली पडलेले पिसे न फुटलेले पिलू अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागल्याने आई पिलास टाकते ही समजूत चुकीची आहे. नव्या गुळगुळीत भिंतींत पक्ष्यांस जागा उरत नाही; तेथे मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर लाकडी खोके वा मडके टांगावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घुबडांस संरक्षण असून संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याहूनही हिशेब मोठा आहे. कोठारातील घुबड रात्रभर जी राखण करते, तिचे वेतन शेतकऱ्यास द्यावे लागत नाही. केवळ कोपऱ्यातील एक पोकळी तेवढी मोकळी ठेवावी लागते.