पहिली मोटार : जुनी, पण जपणारी

जुन्या मोटारींच्या जाहिरातींत काही शब्द हमखास सापडतात. ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘सिंगल ओनर’, ‘एमएच बारा पासिंग’, ‘एक रुपयाचाही खर्च नाही’. हे शब्द खोटेच असतात असे नव्हे. पण अठराव्या वर्षात आलेल्या मुलामुलींसाठी पहिली गाडी बघायला निघालेल्या आईवडिलांनी सगळ्यांत आधी जो प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर यांतल्या एकाही शब्दात नाही. तो प्रश्न असा : उद्या आपल्या पोरीच्या हातून चूक झाली, तर ही गाडी तिला सांभाळून घेईल का?

चूक होणार हे धरूनच चालावे. यात मुलांचा कमीपणा नाही. पंचवीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला पुढच्या रिक्षाचे चाक जरासे वळलेले दिसले, की ती आता वळणार हे कळते. नवख्याला रिक्षा वळल्यावर कळते. मग तो जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतो. आता असे पाहा, जून महिन्यातला पहिला पाऊस पडून गेलेला आहे, रस्त्यावरच्या तेलाचा आणि धुळीचा गुळगुळीत थर झालेला आहे, आणि कर्वे रस्त्यावर असा ब्रेक दाबला गेला. साध्या ब्रेकची गाडी असेल तर चाके जागच्या जागी अडकतात, गाडी घसरत जाते, आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ती वळत नाही. ज्या गाडीत ए.बी.एस. असते, तिच्यात चाक अडकू लागले की ब्रेक आपोआप किंचित सुटतो आणि पुन्हा लागतो, तेही सेकंदाला अनेकदा. चाक फिरत राहते, म्हणून गाडी वळवता येते. या वेळी पायाखाली पेडल थरथरते आणि घरघर आवाज येतो. तो बिघाड नव्हे. नवख्याला हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दचकून तो पाय उचलतो आणि सगळेच फुकट जाते.

म्हणून जुनी गाडी निवडताना एक साल लक्षात ठेवावे : २०१९. त्या वर्षीच्या एप्रिलपासून आपल्याकडे तयार होणाऱ्या सर्व मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे झाले, आणि जुलैपासून चालकासमोरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा गजर, वेगाचा इशारा आणि मागचे सेन्सर आवश्यक ठरले. चालकाशेजारच्या माणसासमोरची एअरबॅग मात्र सर्व गाड्यांना २०२१ च्या अखेरीस आली. त्याआधीच्या गाड्यांत या वस्तू नव्हत्याच असे नाही. पुष्कळदा त्या महागड्या टॉप मॉडेलला मिळत आणि बेस मॉडेलला मिळत नसत. तेव्हा २०१७ ची गाडी पसंत पडली तर ‘एअरबॅग आहेत ना?’ एवढे विचारून थांबू नये, मॉडेलचे पूर्ण नाव आरसीवर वाचून खात्री करावी. आणखी एक. नोंदणीचे वर्ष आणि गाडी तयार झाल्याचे वर्ष एकच असेल असे नाही. २०१९ मध्ये नोंदलेली गाडी २०१८ च्या डिसेंबरातली असू शकते. तयार झाल्याचा महिना आरसीवर दिलेला असतो.

आता ताऱ्यांविषयी. गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या पुतळ्यांना किती इजा होते ते मोजायचे आणि त्यावरून तारे द्यायचे, ही परीक्षा. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या गाड्यांचे पहिले निकाल २०१४ च्या आरंभी जाहीर केले. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो अशा पाच गाड्या होत्या आणि मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य! यांतली पोलो आपल्या चाकणची. पण तीच पोलो दोन एअरबॅग बसवून तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. गाडीचे नाव एक, सांगाडा एक, आणि निकाल शून्य व चार. तारे गाडीच्या नावाला नसतात, तपासलेल्या मॉडेलला असतात, हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही. पुढे २०१८ च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले, २०२० मध्ये आल्ट्रोझने पाच आणि टियागोने चार. बाजारात जिला सर्वांत जास्त मागणी असते त्या स्विफ्टला २०१८ च्या परीक्षेत दोनच तारे होते. स्विफ्ट वाईट गाडी आहे असे मी म्हणत नाही. तिचे सुटे भाग नाना पेठेत कुठल्याही दुकानात मिळतात, आणि ती सहसा रस्त्यात बंद पडत नाही. पण भरवसा आणि सुरक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरीची किंमत पहिलीत धरण्याची सवय आहे. निकाल वाचताना सालही बघावे. २०२२ च्या जुलैपासून ग्लोबल एनकॅपने परीक्षा कडक केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली, त्यामुळे जुने चार आणि नवे चार सारखे मानू नयेत.

कोणी म्हणेल, एवढे सगळे बघायचे तर खर्च वाढणार. वाढतो, पण थोडा, आणि तो दुसरीकडून काढता येतो. मोठे इंजिन, सनरूफ, रुंद पडद्याचा म्युझिक सिस्टीम यांचे पैसे पहिल्या गाडीत घालण्याचे काहीच कारण नाही. जोरकस इंजिन तर नकोच. आणि जवळ चार लाख असतील तर चार लाखांची गाडी घेऊ नये, साडेतीनची घ्यावी. उरलेल्या पैशांत टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, ऑइल आणि विमा हे सगळे पहिल्याच महिन्यात दारात उभे राहते.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूला एका लांबट गोलात चार आकडे दिसतात. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर असतील तर नव्या चार टायरांची किंमत सौद्यातून सरळ वजा करून मागावी.

गाडी बघायला सकाळी जावे, आणि मालकाला आधीच सांगावे की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन खरे बोलते. सुरू करताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, पांढरा धूर बराच वेळ टिकला तर कूलंट आत जात असावे. मीटरवर ३०,००० किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकचकीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात, त्यांवर दर वेळचे किलोमीटर असतात.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि हिला एक पैसाही लागत नाही. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. समोर एअरबॅगचा आणि ए.बी.एस.चा असे दोन दिवे लागले पाहिजेत, आणि थोड्या वेळाने विझले पाहिजेत. (ए.बी.एस.चा दिवा काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर विझतो.) लागलेलाच राहिला तर बिघाड आहे. पण मुळात लागलाच नाही, तर अधिक सावध व्हावे. अपघातात एकदा फुटलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही, नवी बसवावी लागते आणि ती महाग असते. तेव्हा काही लबाड लोक नुसते वरचे झाकण बसवतात आणि दिव्याची वायर काढून टाकतात. बाहेरून गाडी नव्यासारखी दिसते, झाकणाखाली काहीच नसते.

पुण्यात आणखी एक धोका आहे, तो पाण्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सोसायट्यांतल्या मोटारी पाण्याबरोबर वाहत जाऊन एकमेकींवर चढल्या होत्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांपैकी काही भंगारात जातात, पण काही धुऊन, वाळवून, अत्तर मारून बाजारातही येतात. त्या चालतात, त्यांचा दोष महिन्यांनी उघडा पडतो. एअरबॅग केव्हा फुगवायची ते ठरवणारी पेटी पुष्कळ गाड्यांत दोन्ही सीटांच्या मध्ये, अगदी खाली बसवलेली असते. पाणी आधी तिथेच पोहोचते. म्हणून सीटबेल्ट संपूर्ण बाहेर ओढून बघावा : शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग असेल तर पाणी तिथवर चढले होते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, कार्पेटखालची रेव, डिकीत स्टेपनीच्या खळग्यातला चिखल, हेही बघावे. आत कुबट वास येत असेल आणि त्यावर कडक सुगंध मारलेला असेल, तर दुसरी गाडी बघावी.

एवढे झाले की आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला गाडी दाखवावी. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको, आपला. तो गाडी वर उचलून खालून बघेल, दारांच्या रबराखालचे वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की गॅरेजचे ते सांगेल. त्याला चार पैसे द्यावेत. फुकट सल्ला देणारा माणूस पुष्कळदा फुकटाइतकेच बघतो. सांगाडा तुटून जोडलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी मुलांसाठी घेऊ नये, कारण धक्का सोसण्याचे काम त्या सांगाड्याचेच असते.

कागदांच्या बाबतीत थोडक्यात. चेसिस नंबर गाडीवर वाचून आरसीशी ताडावा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीही. थकलेले ई-चलन आधी भरून घ्यावे. ‘नाव नंतर करू, घाई काय’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे लागते. दलालाकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृततेचे प्रमाणपत्र आहे का ते विचारावे, १ एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे.

राहिला वयाचा मुद्दा, आणि पुण्यात तो सावकाश बोलण्याजोगा नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि एक तरुण व एक तरुणी, दोघेही इंजिनिअर, जागच्या जागी गेली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता. मोटारीच्या शिकाऊ लायसन्ससाठीसुद्धा अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘सोसायटीच्या आवारातच तर फिरवतो’ ही सबब सांगणाऱ्यांनी एवढेच बघावे की त्या आवारात लहान मुले खेळतात.

गाडी कोणाच्या नावावर घ्यावी, हे बहुतेक घरांत विचार न करताच ठरते. वडिलांच्या नावावर होते आणि चालवते मुलगी. यात एक बारीक गोष्ट निसटते. विम्यातले मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण हे नोंदलेल्या मालकासाठी असते. मुलगी चालवत असताना तिला ते लागू होत नाही. थोडे जादा पैसे भरून गाडीतल्या माणसांसाठी वेगळे संरक्षण घेता येते, ते पॉलिसी करतानाच मागून घ्यावे.

गाडी घरी आल्यावर पहिले काही आठवडे शेजारी जाणते माणूस असावे, लायसन्स हातात आलेले असले तरीसुद्धा. आधी रविवारची सकाळ, मग रोजची गर्दी, मग पाऊस, मग रात्र, आणि घाट सर्वांत शेवटी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा लांब उतार एकदा बरोबर बसून दाखवावा. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यायची असते. पाय सारखा ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि खाली पोहोचेपर्यंत ढिले पडतात. आणि मागून येणारा ट्रक कदाचित याच कारणाने थांबू शकत नसेल, म्हणून आरशात बघत, डावी बाजू धरून उतरावे.