घरगुती संगणकावरील खातेबदल व त्यास होणारा विलंब

आपल्या अनेक शिक्षक बंधुभगिनींच्या घरी एकच संगणक असून तो सर्व कुटुंबाच्या उपयोगी पडतो. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते, ही व्यवस्था स्तुत्यच आहे. परंतु एका खात्यातून दुसऱ्यात जाताना कित्येक मिनिटे तिष्ठत बसावे लागते, अशी तक्रार वारंवार कानी येते.

विंडोज प्रणालीत २००१ सालच्या एक्सपी आवृत्तीपासून, आधीचे खाते बंद न करता दुसरे उघडण्याची सोय आली. तिच्या योगे पहिले खाते केवळ पडद्याआड जाते. त्यात उघडलेली कामे संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, तशीच राहतात. एका वर्गाने दप्तरे न आवरता बाहेर जावे आणि त्याच खोलीत दुसरा वर्ग येऊन बसावा, तशातला हा प्रकार. स्मृती अपुरी पडली की संगणक तिच्यातील काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क या कामी फार मंद असते, आणि खरा वेळ जातो तो या ने-आणीत. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती सांगितलेली आहे. तेवढ्यावर एकाचेच जेमतेम भागते. तिघांचे कोठून भागावे?

पुष्कळ जण अशा वेळी जुनी छायाचित्रे पुसून टाकतात. डिस्क काठोकाठ भरलेली नसेल तर त्याने काही साधत नाही. डिस्कवरील जागा निराळी, स्मृती निराळी.

प्रथम सर्वांची कामे जतन करून संगणक पुन्हा सुरू करावा व एकाच खात्यात प्रवेश करावा. आता काम सुरळीत चालले, तर बहुधा स्मृतीवरील भार हेच कारण समजावे. तरीही मंदपणा राहिल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी व डिस्क यांची टक्केवारी तेथे दिसते. 'स्टार्टअप' या सदरात प्रवेशासरशी आपोआप सुरू होणारे कार्यक्रम असतात. त्यांतील अनावश्यक ते बंद करावेत, व हे प्रत्येक खात्यात जाऊन पाहावे. नव्या खात्यातील पहिल्या प्रवेशास वेळ लागतो, तो दोष नव्हे.

घाई मात्र करू नये. एकदा खाते लवकर उघडेना म्हणून प्रस्तुत लेखकाने वैतागून संगणकाचे बटण दाबून धरले. नेहमीच्या रीतीने बंद केला असता, तर दुसरे कोणी आत आहे, अशी सूचना तरी मिळाली असती. कन्येच्या खात्यात तिचा जतन न केलेला निबंध उघडा होता, तो गेला. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला, पण पहिल्यासारखा उतरला नाही, असे तिचे आजही म्हणणे आहे.

पुढे आम्ही स्मृती ८ जीबी केली व हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली. आता खातेबदलास फारसा वेळ लागत नाही. तरी उठण्यापूर्वी काम जतन करून 'साइन आउट' करण्याची रीत घरात तशीच चालू आहे, आणि ती मोडली गेल्यास कन्याच प्रथम हटकते.